बुद्धिबळातील कार्यासाठी राष्ट्रीय पुरस्काराचा प्रस्ताव कसा तयार करावा

सोलापूरच्या पूर्व भागातील एका घराच्या माळ्यावरून उतरवलेली लोखंडी पेटी आम्ही प्रथम उघडली, तेव्हा तिच्यात चाळीस वर्षांच्या बुद्धिबळसेवेचे कागद होते आणि त्यांतील निम्म्यांची कसर लागून चाळण झाली होती. ज्या ज्येष्ठ मार्गदर्शकांची ती पेटी होती, त्यांनी शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या मुलांना पट, प्याद्यांची रचना आणि हत्ती उरलेल्या डावाचा शेवटचा टप्पा शिकवण्यात आयुष्य घालवले होते. त्यांच्या नावाचा पहिला प्रस्ताव आम्ही मोठ्या उत्साहाने पाठवला. परंतु तो चुकीच्या पुरस्कारासाठी होता, पुरावे अपुरे होते आणि मजकुरात माहितीपेक्षा विशेषणेच अधिक होती. त्याचे पुढे काहीही झाले नाही. त्या चुका इतरांना टाळता याव्यात, एवढ्याचसाठी ही पद्धत येथे सविस्तर मांडली आहे.

पुरस्काराची निवड

प्रस्ताव बाद होण्याचे मुख्य कारण माझ्या अनुभवाप्रमाणे कामाचा कमीपणा हे नसते, तर व्यक्ती आणि पुरस्कार यांचा मेळ न बसणे हे असते. खेळाडू, मार्गदर्शक, पंच, संघटक आणि संस्था या पाचांसाठी शासनाने एकच दार ठेवलेले नाही, आणि कोणत्या दारात उभे राहायचे हे ठरवल्याशिवाय एकही कागद गोळा करू नये.

अर्जुन पुरस्कार खेळाडूसाठी आहे. १९६१ मध्ये हा पुरस्कार सुरू झाला, त्याच वर्षी बुद्धिबळासाठी तो मॅन्युएल एरन यांना मिळाला, म्हणजे या खेळाला पहिल्या दिवसापासून तेथे स्थान आहे. महाराष्ट्रातून रोहिणी खाडिलकर, प्रवीण ठिपसे आणि भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी हा मान मिळवला. मागील चार वर्षांतील आंतरराष्ट्रीय कामगिरी हा या पुरस्काराचा कणा असून तिच्या जोडीला नेतृत्व, खिलाडूवृत्ती आणि शिस्त यांचाही विचार केला जातो. त्यामुळे ज्या खेळाडूचे सर्वोत्तम डाव वीस वर्षांपूर्वीचे आहेत, त्याच्यासाठी नेहमीचा अर्जुन पुरस्कार मागणे व्यर्थ आहे. त्याच्यासाठी जीवनगौरवाचा मार्ग आहे. पूर्वी हा मार्ग ध्यानचंद पुरस्काराच्या नावाने ओळखला जाई आणि २०२१ मध्ये पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांना तो मिळाला होता. आता त्याची जागा अर्जुन जीवनगौरव पुरस्काराने घेतली आहे. जुनी माहिती वाचून आजही कोणी ध्यानचंद पुरस्काराचा अर्ज शोधत बसलेला आढळतो, म्हणून हा खुलासा केला.

खेलरत्नाविषयी सोलापुरात बसून फार लिहिण्यासारखे नाही. १९९१-९२ चा पहिलाच खेलरत्न विश्वनाथन आनंद यांना मिळाला आणि २०२४ साठी तो डी. गुकेश यांना जाहीर झाला. पंचवीस लाख रुपयांचा हा सन्मान जागतिक पातळीवरील अत्युच्च कामगिरीसाठी असतो, आणि तशी कामगिरी करणाऱ्याला या लेखाची गरज पडणार नाही.

मार्गदर्शकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार मात्र काळजीपूर्वक समजून घ्यावा. बुद्धिबळात तो १९८६ मध्ये रघुनंदन गोखले यांना आणि अलीकडे २०२३ साठी आर. बी. रमेश यांना मिळाला. रमेश यांच्या शिष्यांत प्रज्ञानंद आणि वैशाली ही भावंडे आहेत, यावरून अपेक्षा कोणत्या उंचीची असते याचा अंदाज येईल. येथे तुम्ही किती मुलांना शिकवले हे मोजले जात नाही. तुमच्या शिष्यांनी भारतासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत काय मिळवले हे मोजले जाते. आमची पहिली चूक नेमकी हीच होती. ज्यांनी शेकडो मुलांना पटावर बसवले, परंतु ज्यांचा एकही शिष्य भारतीय संघातून खेळला नाही, अशा व्यक्तीसाठी आम्ही द्रोणाचार्य मागितला.

अशा व्यक्तींसाठी खरा मार्ग पद्म पुरस्कारांचा आहे, आणि हे पुष्कळांना धाडसाचे वाटते. बुद्धिबळात पद्मश्री म्हटले की भाग्यश्री ठिपसे यांचा १९८६ चा सन्मान किंवा कोनेरू हंपी यांचे नाव डोळ्यांसमोर येते, त्यामुळे तो केवळ खेळाडूंचा प्रांत आहे असा समज होतो. प्रत्यक्षात पद्म पुरस्कारांच्या क्रीडा या क्षेत्रात खेळाच्या प्रसाराचे कार्यही स्पष्टपणे समाविष्ट आहे. इतकेच नव्हे, तर ज्या व्यक्तीने बुद्धिबळाचा वर्ग हे निमित्त करून विडी वळणाऱ्या आईच्या मुलींना शाळेत टिकवून ठेवले, तिच्यासाठी समाजकार्य हे क्षेत्र निवडणेच अधिक सयुक्तिक ठरू शकते. कोणते क्षेत्र निवडावे हे ठरवण्यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो: या माणसाच्या जीवनातून बुद्धिबळ वजा केले, तर उरलेले काम प्रस्तावाला पुरेल का? पुरत असेल तर समाजकार्य, नसेल तर क्रीडा.

पात्रतेची एक अट आधीच तपासावी. शासकीय सेवेत आणि सार्वजनिक उपक्रमांत कार्यरत असलेली व्यक्ती, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांचा अपवाद सोडल्यास, पद्म पुरस्काराला पात्र नसते. सोलापूर हे मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय असल्याने आपल्याकडील कित्येक चांगले खेळाडू आणि पंच रेल्वेच्या नोकरीत आहेत. त्यांच्या प्रस्तावाचे कागद आज जमवावेत, मात्र अर्ज निवृत्तीनंतरच करावा. दुसरी गोष्ट वयाची. पद्म पुरस्कार सर्वसाधारणपणे मरणोत्तर दिला जात नाही. बुद्धिबळाची जागतिक संघटना फिडे हिने अविभाजित भारताचे बुद्धिबळपटू मीर सुलतान खान यांना २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास सहा दशकांनी, मानद ग्रँडमास्टर किताब दिला, पण अशा उशिराच्या न्यायावर आपण विसंबून राहू नये. मार्गदर्शक पंच्याहत्तरीच्या पुढे असतील, तर त्यांची फाईल इतरांच्या आधी हाती घ्यावी.

संस्थेसाठी राष्ट्रीय खेल प्रोत्साहन पुरस्कार आहे. नवोदित गुणवत्तेचा शोध आणि जोपासना, तसेच खेळाद्वारे विकास, असे त्याचे विभाग बुद्धिबळ मंडळांना लागू पडण्यासारखे आहेत. शेजारच्या सांगलीचे नाव बुद्धिबळात आदराने घेतले जाते ते भाऊसाहेब पडसलगीकर यांनी जोपासलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे आणि तेथे वर्षानुवर्षे भरत आलेल्या स्पर्धांमुळे. आपल्या मंडळाची घटना, नोंदणी प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षण अहवाल वर्षवार लावलेले नसतील, तर काम कितीही मोठे असले तरी संस्थेच्या नावाने अर्ज करण्यात अर्थ नाही.

मुलांसाठी प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार आहे. त्यातही क्रीडा हा विभाग आहे. तेथे पालकांनी शांतपणे अर्ज करावा आणि मुलाला त्याची कुणकुणही लागू देऊ नये, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पुरावे जमवणे

पुरस्कार ठरला की कागदांकडे वळावे. येथेच सर्वाधिक वेळ जातो आणि येथेच घाई केली जाते.

सर्वप्रथम नाव पाहावे. सोलापुरात ही अडचण इतर शहरांपेक्षा अधिक आहे, कारण आपल्याकडील अनेक तेलुगू भाषक कुटुंबांत आडनाव आधी लिहिण्याची रीत आहे, शाळेच्या दाखल्यावर आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव असा क्रम असतो, आधारकार्डावर तो बदललेला असतो, आणि फिडेच्या नोंदीत काही वेळा वडिलांचे नावच आडनाव होऊन बसते. वर उल्लेख केलेल्या पेटीत एकाच माणसाची प्रमाणपत्रे पाच तऱ्हेच्या नावांनी होती. ‘श्रीनिवास’ या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोठे ‘एस’नंतर ‘एच’ होता, कोठे नव्हता, आणि एका स्पर्धेच्या आयोजकांनी तर ‘वास’चे ‘व्यास’ केले होते. सोलापूरकराला हा माणूस एकच आहे हे कळते. दिल्लीत छाननी करणाऱ्याला कळण्याचे कारण नाही. यासाठी मुद्रांकावर एक प्रतिज्ञापत्र करावे, त्यात आढळलेली सर्व रूपे जशीच्या तशी लिहावीत आणि ती एकाच व्यक्तीची असल्याचे नमूद करावे. फिडेच्या नोंदीतील दुरुस्ती राष्ट्रीय महासंघामार्फत होते, तिला वेळ लागतो. म्हणून ती विनंती पहिल्याच आठवड्यात पाठवावी.

त्यानंतर कालक्रमपट तयार करावा. एका मोठ्या वहीत प्रत्येक वर्षाला एक पान द्यावे आणि त्या वर्षी काय घडले, त्याचा पुरावा कोणता व तो कोठे आहे, हे तीन रकान्यांत लिहावे. ज्या पानावर पुराव्याचा रकाना कोरा राहतो, त्या वर्षाचा दावा प्रस्तावात करू नये. हे कठोर वाटते. आमच्या मार्गदर्शकांनी १९८० च्या दशकात घेतलेल्या दोन मोठ्या स्पर्धा याच कारणाने गाळाव्या लागल्या. त्या मला स्वतःला आठवतात, मी त्यांत खेळलो आणि एकीत पहिल्याच फेरीत वजीर गमावला, पण माझी आठवण हा पुरावा नव्हे.

जुन्या स्पर्धांसाठी वर्तमानपत्रांची कात्रणे उपयोगी पडतात. पण घराघरांत जपलेल्या कात्रणांवर बहुधा तारीखच नसते, कारण कापणाऱ्याने फक्त छायाचित्र आणि बातमी कापलेली असते. तारीख, वृत्तपत्राचे नाव आणि पृष्ठ क्रमांक नसलेले कात्रण जवळपास निरुपयोगी समजावे. ‘संचार’सारख्या स्थानिक दैनिकांच्या कार्यालयांत किंवा शहरातील जुन्या वाचनालयांत त्या काळातील अंकांची चौकशी करावी, संपूर्ण पानाची छायाप्रत घ्यावी आणि बातमीभोवती पेन्सिलने चौकट करावी.

अलीकडच्या काळातील काम तुलनेने सोपे आहे. फिडेच्या संकेतस्थळावर खेळाडूच्या ओळख क्रमांकाखाली त्याच्या मानांकनाचा, म्हणजे रेटिंगचा, सारा प्रवास दिसतो आणि किताबप्राप्त पंचांनी काम पाहिलेल्या मानांकन स्पर्धांची नोंदही तेथे सापडते. मात्र या आकड्यांबाबत एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. मार्च २०२४ मध्ये फिडेने मानांकनाची किमान मर्यादा १४०० केली आणि २००० च्या खालील सर्व खेळाडूंचे मानांकन एकदाच एका सूत्राने वाढवले: २००० मधून खेळाडूचे मानांकन वजा करावे आणि उरलेल्याचे चाळीस टक्के त्यात मिळवावेत. म्हणजे १२०० मानांकनाच्या मुलाला एकही खेळी न करता ३२० गुण मिळाले आणि तो १५२० वर गेला. ‘आमच्या वर्गातील मुलांचे मानांकन एका वर्षात तीनशे गुणांनी वाढले’ असे वाक्य मी एका प्रस्तावाच्या मसुद्यात वाचले आहे; लिहिणाऱ्याचा हेतू प्रामाणिक असेल, परंतु खेळ जाणणाऱ्या परीक्षकाने ते वाचले असते, तर उरलेल्या खऱ्या माहितीवरचाही त्याचा विश्वास उडाला असता. त्यामुळे फेब्रुवारी २०२४ पर्यंतची आणि मार्च २०२४ नंतरची प्रगती नेहमी वेगवेगळी दाखवावी.

शिष्यांची पत्रे घेताना त्यांना ‘सर, काहीतरी छान लिहून द्या’ असे सांगू नये, कारण मग प्रत्येक पत्रात तोच वटवृक्ष आणि तीच सावली येते. कोणत्या वर्षी वर्गात आलो, वर्ग कोठे भरत असे, शुल्क किती होते किंवा नव्हते, पुढे काय केले, एवढेच विचारावे. एका शिष्येने लिहिले होते की पटावरची सोंगटी हरवली की सर दोऱ्याची रिकामी कांडी उंट म्हणून उभी करत. संपूर्ण फाईलमध्ये त्या वर्गाचे चित्र त्याहून स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही कागदाने उभे केले नाही.

आठशे शब्द

पद्म पुरस्काराचे नामांकन राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, म्हणजे अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरच स्वीकारले जाते; टपालाने पाठवलेल्या जाडजूड फायलींचा काळ गेला. कोणीही नागरिक दुसऱ्याचे नाव सुचवू शकतो आणि स्वतःचे नामांकनही करता येते. कार्याचे वर्णन जास्तीत जास्त आठशे शब्दांत मांडावे लागते. चाळीस वर्षांना आठशे शब्द म्हणजे वर्षाला वीस. त्यांतले एकही ‘अथक’, ‘अतुलनीय’ आणि ‘तन-मन-धन’ यांवर खर्च करू नये.

मजकूर लिहिताना वाचणाऱ्याला बुद्धिबळातील परिभाषा माहीत नाही असे धरून चालावे. ‘शिष्याने दोन नॉर्म पूर्ण केले’ या वाक्याने आपले ऊर भरून येते, पण परीक्षकाला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी, ग्रँडमास्टर किताबासाठी २५०० मानांकन गाठावे लागते आणि किमान २७ डावांमध्ये ठरावीक दर्जाची कामगिरी, म्हणजेच नॉर्म, सिद्ध करावी लागते, हे एका वाक्यात सांगून मग शिष्य त्या वाटेवर कोठपर्यंत पोहोचला ते लिहावे. ‘सरांनी बुद्धिबळाचे रोपटे लावले’ या वाक्याच्या जागी ‘दर रविवारी सकाळी आठ ते अकरा या वेळेत विनाशुल्क वर्ग, सुरुवातीला पट सहा, मुले चौदा’ अशी माहिती आली पाहिजे. पहिल्या शंभर शब्दांतच या व्यक्तीने जे केले ते दुसऱ्या कोणी का केले नव्हते, याचे उत्तर यावे. जन्म, शिक्षण आणि कौटुंबिक परिस्थिती यांना तीन ओळी पुरतात. मसुदा झाला की बुद्धिबळ अजिबात न खेळणाऱ्या आणि सोलापूरबाहेर राहणाऱ्या एका वाचकाला तो द्यावा, आणि तो जेथे अडखळेल ते वाक्य नव्याने लिहावे.

क्रीडा मंत्रालयाच्या पुरस्कारांसाठी अर्ज वेगळा आणि ऑनलाइन असतो; तेथे निबंधापेक्षा स्पर्धा, वर्ष, स्थान आणि पदक यांचा तक्ता महत्त्वाचा असतो. बुद्धिबळात ऑलिम्पिक पदक नाही, परंतु बुद्धिबळ ऑलिंपियाड, जागतिक व आशियाई अजिंक्यपद आणि आशियाई क्रीडा स्पर्धा आहेत. यांतील कोणती स्पर्धा अर्जात कोणत्या रकान्यात बसते, हे त्या वर्षीची सूचना वाचूनच ठरवावे.

जिल्हा आणि राज्य

राष्ट्रीय प्रस्ताव हवेत उभा राहत नाही, त्याच्याखाली राज्याची आणि जिल्ह्याची पायरी असली तर तो भक्कम दिसतो. १९६९-७० पासून दिला जाणारा शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कार आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत दिले जाणारे जिल्हा क्रीडा पुरस्कार यांची सूचना वर्तमानपत्रात एका लहान चौकटीत येते आणि मुदत थोडीच असते. अर्ज करण्यापूर्वी चालू शासन निर्णय वाचावा, कारण पात्र खेळांची यादी आणि निकष बदलतात. जिल्हा व राज्य संघटनेची शिफारस लागेल असे गृहीत धरून पदाधिकाऱ्यांची गाठ आधीच घ्यावी. संघटनांमधील जुने रुसवे-फुगवे सर्वांना ठाऊक आहेत. शिफारशीच्या पत्रासाठी मला एकदा चार महिने थांबावे लागले आणि तोवर मुदत संपली. तेव्हापासून मी ते पत्र सर्वांत आधी मागतो.

येथे एक इशारा देणे भाग आहे. ‘राष्ट्रीय’, ‘भारत’ किंवा ‘रत्न’ असे शब्द नावात असलेल्या एखाद्या खासगी संस्थेकडून निवडीचे पत्र येते आणि त्याखाली नोंदणी शुल्क, भोजन शुल्क आणि स्मृतिचिन्हाचे शुल्क लिहिलेले असते. शासकीय पुरस्कारासाठी पैसे भरावे लागत नाहीत. विकत घेतलेली अशी प्रमाणपत्रे फाईलमध्ये लावली, तर ती खऱ्या कागदांचे वजन कमी करतात. भिंतीवर हवी तर लावावीत. आपल्या गावच्या सत्कारात मिळणारी सोलापुरी चादर त्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाची, निदान थंडीत अंगावर तरी घेता येते.

पद्म पुरस्कारात रोख रक्कम नसते; राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीची सनद आणि पदक मिळते. तो नावाच्या आधी किंवा नंतर किताबासारखा लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. लग्नपत्रिका छापून घेणाऱ्या नातेवाइकांना हे वेळेवर सांगून ठेवावे.

अर्ज पाठवल्यानंतर

२०२६ च्या पद्म पुरस्कारांसाठी नामांकने १५ मार्च २०२५ रोजी खुली झाली होती, म्हणजे जाहीर होण्याच्या तब्बल दहा महिने आधी. म्हणून कागदांची जुळवाजुळव दिवाळीनंतर सुरू करावी, जानेवारीतील सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत कालक्रमपट पूर्ण करावा आणि उन्हाळ्यापूर्वी मसुदा हातात असावा. अर्ज शेवटच्या दिवशी भरू नये. भरल्यावर नोंदणी क्रमांक आणि संपूर्ण अर्जाची पीडीएफ प्रत दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडे ठेवावी. यादी २५ जानेवारीला संध्याकाळी येते. नाव नसेल तर पुढच्या वर्षी त्याच मजकुरात नव्या वर्षाचे पान जोडून, नव्याने नामांकन भरावे.

एक शेवटची सूचना राहिली: मूळ कागद मालकाच्या हाती परत देण्यापूर्वी स्कॅन करावेत. आमच्या मार्गदर्शकांची फाईल दुसऱ्यांदा लावत असताना १९७९ सालच्या एका डावाची हस्तलिखित प्रत सापडली. ती त्यांना दाखवताच त्यांनी चष्मा पुसला, पट मागवला आणि बाविसाव्या खेळीपर्यंत सोंगट्या मांडून म्हणाले, “इथं घोडा मागं घ्यायला नको हुता बघा.” फाईलमधील सदतिसाव्या क्रमांकाचा तो कागद आम्हाला परत मिळायला तीन आठवडे लागले, आणि परत आला तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने त्या डावाच्या आणखी दोन शक्यता लिहिलेल्या होत्या.